शेवटी जागं असेल त्यानं

शेकोटीत आणखी एक लाकूड टाका आणि ते मोबाइल ठेवा खिशात. कितीही उंच धरलेत तरी इथं रेंज येत नाही. लॅकी, तू सरक थोडा, ब्रीला बसू दे. गोष्ट हवी ना? मग मधे बोलायचं नाही. यात माझ्या पदरचं काही नाही. अँब्रोज टूहीनं मला सांगितलं तसं सांगतो. आणि अँब्रोजनं जन्मभर मेंढ्या कातरल्या. थाप मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्या बिचाऱ्याला देवानं दिलीच नव्हती.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट, ऐन हिवाळा. घोड्यांच्या शर्यतीआधीचा शुक्रवार, अमावस्या. त्या दिवशी सकाळी अँब्रोज आणि त्याची बायको मर्ल घरून निघाले ते नातीला बघायला. त्यांचा मुलगा ग्रँट स्टोनी गॅप रोडच्या पार टोकाला एका मेंढ्यांच्या फार्मवर राहतो. त्याला मुलगी झाली होती, विनी. मर्लची फुप्फुसं कामातून गेलेली. नाकाला नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं होतं. मर्ल म्हणाली, डॉक्टरांचं ऐकत बसले तर पोरगी शाळेत जायला लागेल आणि मी भिंतीवर फोटोत असेन. झालं, विषय संपला.

मशीनला बॅटरी होती, पण बॅटरीचा जीव तो केवढा. गाडीत असताना गाडीच्या सॉकेटवर लावायचं, मुक्कामाला विजेची जागा घ्यायची, असा साधा हिशोब. अँब्रोजनं वाटेवरच्या पेट्रोल-मुक्कामाच्या रोडहाउसला फोन करून तशी जागा सांगूनही ठेवली होती. माणूस नीट तयारीनं निघाला की रस्त्याला ते बघवत नाही.

तुम्हाला आठवत असेल, पावसामुळे तो रस्ता पंधरवडाभर बंद होता. तो उघडला नेमका त्याच सकाळी. मग काय, दोन्ही तोंडांना तुंबलेल्या सगळ्या कॅरव्हॅन एकदम सुटल्या. ओल्या मातीत जड चाकं फिरून रस्त्याची पन्हाळी पत्र्यासारखी गत झाली. रस्ते सपाट करायचं काम माझं, मी तेव्हा ग्रेडर घेऊन भलतीकडे होतो, पण अँब्रोजनं त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यागणिक माझाच उद्धार केला. नंतर मला तोंडावर सांगितलं त्यानं. दुपारी टायर फाटला. तो बदलून गाडी सुरू केली तर सॉकेट मेलेलं. नवा फ्यूज घातला, उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसरा नव्हता.

"बॅटरी आहे ना," मर्ल म्हणाली. "चल."

रोडहाउसला पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. अंगणात कॅरव्हॅनला कॅरव्हॅन खेटून उभी. एकेक केवढी, आत टीव्ही, धुण्याचं मशीन. घर सोडून भटकायला निघायचं आणि सगळं घर मागं बांधून न्यायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. गल्ल्यावरची डॉट म्हणाली की त्याची जागा तिनं दुसऱ्याला देऊन टाकली. सहाच्या आत आलं नाही की जागा जाते, दारावर लिहिलंय की. अँब्रोज म्हणाला, टायर फाटला. डॉट म्हणाली, बाबा रे, आज निम्म्या रस्त्याचे टायर फाटलेत. बिनविजेची जागा हवी तर आहे, उकिरड्यापाशी.

आता इथं त्यानं मशीनचं सांगायला हवं होतं. डॉटनं स्वतःची खाट दिली असती, स्वयंपाकघरातली वायर ओढून दिली असती. डॉट तोंडाची फटकळ, पण मनाची तशी नाही. पण मर्लनं त्याला घरूनच शपथ घातली होती की माझ्या दुखण्याचा डंका पिटायचा नाही. ती खिडकीची काच वर करून, नळी गळपट्ट्याखाली दडवून, ताठ बसली होती. आणि अँब्रोज, तुमच्या-माझ्यासारखाच, कुणापुढं हात पसरायचा म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. त्यानं फक्त एका कॅरव्हॅनवाल्याला विचारलं, तुझ्या खांबावरून एक वायर घेऊ का. तो म्हणाला, माझा ओव्हन चालू आहे, फ्यूज उडेल. हा परत आला, गाडीचा दरवाजा असा आपटला की डॉटनं आतून डोकावून पाहिलं. मटणाचं पॅटिस घेतलं होतं तेही खाल्लं नाही त्यानं. भूकच मेली म्हणाला.

पुढं ग्लेनिसचं फार्म. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या जुन्या खोल्या ती आता प्रवाशांना भाड्यानं देते. खोल्या शर्यतीवाल्यांनी भरलेल्या, पडवीतसुद्धा माणसं लोळत होती. इथं मात्र अँब्रोजनं शपथ मोडली. ग्लेनिसनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. रस्ता बंद होता म्हणून डिझेलचा टँकर आलाच नव्हता. टाकीच्या तळाशी राहिलं होतं तेवढ्यात घटकाभर दिवे लावायचे आणि सगळे आडवे झाले की जनरेटर बंद. ती म्हणाली, मी रेडिओवरून विमानवाल्या डॉक्टरांना बोलावते, पहाटेपर्यंत येतील.

मर्ल गाडीतून ऐकत होती. तिनं काच खाली केली.

"विमान मला कुठं नेईल गं?"

"शहरात, हॉस्पिटलला."

"आणि तिथून परत कोण आणणार मला?" मर्ल म्हणाली. "नात या बाजूला आहे. मी त्या बाजूला जायची नाही."

अँब्रोज चिडला. दिवसभराची सगळी धुसफूस त्यानं बायकोवर काढली. म्हणाला, तुझ्या हट्टापायी वाटेत काही झालं तर मी ग्रँटला काय तोंड दाखवू? मर्ल म्हणाली, हेच दाखव, दुसरं कुठलं आहे तुझ्याकडे? ग्लेनिस हसली आणि मग डोळे पुसायला आत गेली. शेवटी ठरलं, रात्रीच पुढं जायचं. कांगारू आडवे येतील, हळू जायचं, पण बॅटरी संपायच्या आत ग्रँटचं दार गाठायचं.

गाठलं असतंही. पण डेड हॉर्सच्या नाल्यापाशी गाडीच्या दिव्यात पाणी चमकलं. पाऊस ओसरून इतके दिवस झाले, आणि नाला अजून वाहत होता. अँब्रोज काठी घेऊन उतरला. काठी गेली ती जातच राहिली. उजेडात कडेकडेनं वाट काढता आली असती, अंधारात नाही. पलीकडच्या काठापासून ग्रँटचं घर म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर नाही, पण इंजिन गरम व्हायच्या आत येईल इतकं. तो काठ दिव्यात दिसत होता. अँब्रोजनं काठी गुडघ्यावर मोडली आणि पाण्यात फेकली. मला म्हणाला, तेव्हा मी रडलो. असाच म्हणाला, सरळ.

गाडीत येऊन बघतो तर मशीनचा दिवा लाल झालेला.

आणि तेवढ्यात त्याला आवाज आला. डग् डग् डग् डग्. जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा. नाल्याच्या अलीकडं, झाडांच्या मागं, पिवळा दिवा.

तुम्ही कालची पोरं, तुम्हाला ठाऊक नसेल. तिथं हॅनलनचा तळ होता. तंबूंना जागा, चार खोपट्या, आणि त्या काळात साऱ्या रस्त्यावर विजेची जागा मिळायची ती एवढीच. बंद पडून जमाना झाला. अँब्रोजलाही हे माहीत होतं. पण लाल दिवा बघितलेल्या माणसाला काय माहीत आहे नि काय नाही, याला काही अर्थ नसतो. कुणीतरी पुन्हा चालू केलं असेल, असं म्हणून त्यानं गाडी आत घातली.

इंजिनाच्या शेडपाशी उलट्या पिंपावर एक म्हातारा बसला होता. अंगात नुसतं बनियन. ऑगस्टची ती थंडी, रात्री बादलीतलं पाणी गोठतं, आणि हा बनियनवर. अँब्रोजनं विचारलं, वीज मिळेल का. म्हाताऱ्यानं एक बोट वर केलं, आपण समोरच्या गाडीला स्टिअरिंगवरून करतो तसं, आणि त्याच बोटानं खांब दाखवला. खांबाला सॉकेट होतं. अँब्रोजनं मशीन जोडलं. दिवा हिरवा झाला. मर्लच्या ओठांची निळाई हळूहळू ओसरली. त्यानं गाडीची मागची सीट पाडून तिला अंथरूण करून दिलं. पडल्या पडल्या तिचा डोळा लागला.

अख्ख्या दिवसात पहिल्यांदा कुणी त्याला नाही म्हटलं नव्हतं. तो आभार मानायला म्हाताऱ्याकडं गेला. म्हाताऱ्यानं एवढी मोठी जांभई दिली. मग बोलला.

"तू जागा आहेस ना?"

"आहे," अँब्रोज म्हणाला.

"मग मी पडतो. शेवटी जागं असेल त्यानं बंद करायचं."

हा नियम तुम्हाला सांगायला नको. या भागात प्रत्येक घराचं इंजिन आपलं आपलं, आणि जो शेवटी झोपतो तो टॉर्च घेऊन शेडमध्ये जातो आणि ते बंद करतो. पोरंसुद्धा चालायला लागली की हे शिकतात. बंद न करता झोपलेल्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर काय काय ऐकावं लागतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पण अँब्रोज म्हणाला, आज बंद करता येणार नाही. बायको मशीनवर आहे. उजाडेपर्यंत चालू राहू दे, डिझेलचे काय होतील ते देतो.

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"चालू असलं की मला झोपता येत नाही."

अँब्रोजचं डोकं फिरलं. दिवसभर याच्या दारात जा, त्याच्या दारात जा, कुणाकडं जागा नाही, कुणाकडं डिझेल नाही, नाल्याला उतार नाही. आता सगळं आहे, तर याला झोप येत नाही. तो म्हणाला, एक रात्र नाही झोपलास तर मरणार नाहीस तू.

म्हाताऱ्यानं पुन्हा जांभई दिली.

अँब्रोज गाडीत येऊन बसला. दारं लावली. झोपायचं नाही असं त्यानं ठरवलं. आपण झोपलो की हा थेरडा उठून बंद करणार, याची त्याला खात्री होती. थर्मासमधला चहा संपवला. गाल चिमटले. आरशात शेड दिसत होती, पिंप दिसत होतं, पिंपावर म्हातारा.

काही वेळानं पाहिलं तर म्हातारा पिंपावर नव्हता. शेडच्या दारात होता. इंजिन बंद करायच्या दांड्याकडं हात नेत होता... हात जायचा आणि तसाच रिकामा परत यायचा. पुन्हा न्यायचा. पुन्हा रिकामा. दांडा हलत नव्हता.

मग तो गाडीशी आला.

"जागा आहेस ना?"

"आहे."

"मग बंद कर."

"नाही."

तो गेला. चालल्याचा आवाज आला नाही. जमीन सगळी खड्यांची, कुत्रं चाललं तरी वाजते...

थोड्या वेळानं पुन्हा. या वेळी काचेशी. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरत नव्हती. अँब्रोजची काच आतून वाफेनं भरलेली... आणि बाहेरून कोरडी.

"जागा आहेस ना?"

अँब्रोजनं तोंड फिरवलं.

"फार झोप आलीय रे, गड्या."

डग् डग् डग् डग्.

"फार दिवस झाले..."

अँब्रोजनं डोळे मिटून घेतले. भीतीनं. झोपायला नव्हे. हिरवा दिवा पापण्यांच्या आडूनही दिसतोय असं त्याला वाटत होतं. आता उघडतो. आता उघडतो...

जाग आली ती शांततेनं.

इंजिन बंद होतं.

मशीन बंद होतं.

त्यानं मागं हात घातला. अंथरूण गार. नळी पडलेली. मर्ल नव्हती.

तो दार उघडून पडतच बाहेर गेला. काळा मिट्ट अंधार. वर नुसते तारे... पिंपावर कोणी नाही. मग खडे वाजले. शेडच्या बाजूनं कुणीतरी येत होतं. सावकाश. सरळ.

मर्ल होती. घरात खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा टेकायची ती मर्ल, नळीशिवाय, तोंड मिटून, चालत येत होती.

"बंद करून आले," ती म्हणाली. "काय तू पण, अँब्रोज. केवढी झोप आली होती त्याला. तुला किती वेळा सांगितलं म्हणाला, तू ऐकेनास. तू घोरत होतास, मग शेवटी जागी मीच. माझंच काम ते."

"मर्ल, तुझं मशीन..."

"हळू बोल. झोपलाय तो."

ती येऊन अंथरुणावर पडली, कुशीवर वळली आणि झोपली. अँब्रोज तिच्या नाकाशी कान लावून बसला. बाकीची सारी रात्र. प्रत्येक श्वास आत गेला की तो थांबायचा, आणि बाहेर आला की देवाचं नाव घ्यायचा. आयुष्यात कधी चर्चची पायरी न चढलेला माणूस. श्वास येत राहिले. सावकाश, भरलेले, लेकराचे असतात तसे.

उजाडल्यावर त्यानं तळ बघितला. खोपट्या केव्हाच्या कोसळलेल्या. खांबाचं सॉकेट कुणीतरी कधीच उपटून नेलेलं, भोकात मुंग्या. त्याच्या वायरचं टोक मातीत पडलेलं. शेडमध्ये इंजिन नव्हतं. सिमेंटचा ओटा, त्यात गंजलेले चार बोल्ट, आणि फटींतून वाढलेलं गवत.

हॅनलनचं कसं झालं ते जुन्या माणसांना विचारा. शेवटी शेवटी त्याच्या तळावर कुणी मुक्कामाला यायचं नाही, पण येईल कुणीतरी म्हणून तो इंजिन चालू ठेवून बसायचा. पिंपावर बसल्या बसल्याच गेला. पोस्टाच्या गाडीला सापडला तेव्हा इंजिन चालूच होतं. डिझेल संपून आपोआप थांबलं ते, कुणी बंद केलं नाही. माझं मत विचाराल तर याच्याइतका चीड आणणारा प्रकार नाही. एवढ्या गाड्या त्या रस्त्यानं जातात, इतक्या वर्षांत एकानं उतरून म्हाताऱ्याला म्हणू नये की पड आता, मी बघतो? पण म्हणणार कोण. सगळ्यांच्या मागं घर बांधलेलं.

नाला ओलांडला. सकाळच्या चहाला ग्रँटच्या घरी पोचले. जिना चढताना मर्लला पुन्हा धाप लागली आणि ग्रँटनं धावत जाऊन मशीन भिंतीच्या सॉकेटला लावलं. त्यानंतर ते एकदाही सुटलं नाही. पण आधी ती खुर्चीत बसली, हात पुढं केले आणि विनीला घेतलं. बराच वेळ घेऊन बसली. अँब्रोज म्हणतो, एवढं शांत तिला त्यानं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मर्ल पुढं ईस्टरपर्यंत होती. झोपेत गेली.

बाळाला मर्लच्या सुनेच्या आईनं विणलेल्या पांढऱ्या शालीत गुंडाळलेलं होतं. मर्लनं पोरगी परत दिली तेव्हा शालीवर काळा पंजा उठलेला. पाचही बोटं, इंजिनाच्या तेलाची. सुनेला वाटलं, वाटेत टायर बदलला त्याचं असेल. टायर अँब्रोजनं बदलला होता. तिनं शाल धुतली, उकळली, उन्हात टाकली. डाग गेला नाही.

मी मर्लच्या मातीला गेलो होतो तेव्हा सुनेनं ती शाल कपाटातून काढून मला दाखवली. जूनची थंडी पडायच्या आधीचे दिवस, पण घर गार होतं, शालही गार होती. ती म्हणाली, क्लॅरी, त्या पंजावर हात ठेवून बघ.

मी ठेवला.

तेवढीच जागा गरम होती. नुकतंच बंद केलेलं इंजिन असतं तशी.